बिनपंख्याचा लॅपटॉप, शेजारचे माग आणि आत्याचे कान: आठ महिन्यांचा अनुभव

काचबिंदूमुळे माझ्या आत्याचं वाचन तीन वर्षांपूर्वी सुटलं. दुपारची जेवणं उरकली की हातात पुस्तक, असं जिचं आयुष्य गेलं, तिला नुसतं बसवून ठेवणं मला बघवत नव्हतं. म्हणून मी घरीच पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते आणि पेनड्राइव्हवर भरून तिला देते. घर सोलापूरच्या पूर्व भागात. भिंतीपलीकडे यंत्रमागाचा कारखाना, टॉवेल विणतात. सकाळपासून खटखट चालू.

सुरुवातीला भाच्याच्या सांगण्यावरून सेकंडहँड गेमिंग लॅपटॉप घेतला होता. 16 जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड, कुठेही अडकायचा नाही. पहिली तीन प्रकरणं रेकॉर्ड करून आत्याला दिली आणि संध्याकाळी तिचा फोन आला, "पंखा लावून वाचलालीस का गं?" खोलीतला पंखा मी बंदच ठेवला होता. तिला ऐकू आला तो लॅपटॉपच्या पोटातला पंखा.

मग मी ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड आणि दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन, म्हणजे नको तो आवाज काढणं, करत बसले. त्यात आधी नुसत्या घरघरीचा एक तुकडा नमुना म्हणून द्यायचा असतो आणि तेवढाच आवाज सगळीकडून काढला जातो. पण लॅपटॉपचा पंखा एका लयीत कुठे फिरतो? दोन मिनिटं गप्प, मग एकदम जोर, पुन्हा हळू. नमुना जुळायचाच नाही. जास्त ताणलं की माझा आवाज पाण्याखालून आल्यासारखा व्हायचा. शिवाय चार्जर लावला की खाली बारीक गुणगुण यायची. आपल्या विजेची 50 हर्ट्झची ती गुणगुण चार्जर काढला की जायची, पण त्या लॅपटॉपची बॅटरी तासभरही टिकत नव्हती.

फेब्रुवारीत तो भाच्याला देऊन टाकला आणि 42,000 रुपयांना वापरलेला मॅकबुक एअर घेतला. 2020 सालचा, एम 1 चिपचा, 8 जीबी रॅम, 256 जीबी जागा. निवडण्याचं कारण एकच, त्यात पंखाच नाही. दुकानदाराने याच पैशात दुप्पट रॅमचे दोन लॅपटॉप दाखवले, दोन्हींना पंखा होता. मी घेतले नाहीत.

बाकी सामान साधं. माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी, म्हणजे इंटरफेस, फोकसराइटचा तिसऱ्या पिढीचा स्कार्लेट सोलो. आणि शुअरचा एसएम 58, भजनी मंडळात, सभेत दिसतो तो माइक. कंडेन्सर जातीचा, जास्त नाजूक कानाचा माइक आणून पाहिला होता. त्याला 48 व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या वायरीतूनच दिलेली वीज, लागतो आणि तो खोलीतलं सगळं उचलतो, त्यात पलीकडचे मागही आले. एसएम 58 तोंडापासून चार बोटांवर धरला की आधी माझा आवाज येतो, माग खूप मागे राहतात. उरलेली धडधड 80 हर्ट्झच्या खालचे जाड आवाज सॉफ्टवेअरमध्ये कापून टाकले की बरीच जाते. पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर सोलापुरी चादरी दुहेरी घडी करून टांगल्यात, भिंतीपासून वीतभर सोडून. त्याने खोलीचा घुमारा गेला. मागांची धडधड चादरीने थांबत नाही, ती भिंतीतून आणि फरशीतून येते.

आणि वीज गेली की? ही गोष्ट आधी लक्षातच आली नव्हती. एप्रिलमधली दुपार. दीड पान वाचून झालं आणि लाइट गेली. माग एकेक करत थांबले, शेवटचा थांबला तेव्हा कानात दडे बसल्यासारखं वाटलं. फ्रीज बंद, शेजारचा कूलर बंद. लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता, सोलोला वीज लॅपटॉपमधूनच मिळते. रेकॉर्डिंग थांबलंच नव्हतं. घाम कपाळावरून पानावर टपकत होता, तरी उठले नाही, लाइट येईपर्यंत पन्नास मिनिटं वाचत राहिले. नंतर हेडफोन लावून ऐकलं तर वाक्यांच्या मधे नुसती शांतता. आत्याने तो भाग ऐकून विचारलं, "मधे पाणी प्यायलीस का?" घोट गिळल्याचाही आवाज तिला आला होता.

तेव्हापासून बॅटरी माझ्यासाठी रॅमच्या वरची गोष्ट आहे. डेस्कटॉप असता तर अशा वेळी यूपीएस चिवचिवत बसला असता आणि ती चिवचिव रेकॉर्डिंगमध्ये आली असती.

वेगाचं म्हणाल तर एका आवाजाला फार काही लागत नाही. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, मोनो रेकॉर्डिंगला तासाला साधारण 520 एमबी जातात. आत्याला देताना 64 केबीपीएसची मोनो एमपी3 करते, तासाला 29 एमबी. माझाच आवाज हेडफोनमध्ये उशिरा यायची भीतीही नाही, सोलोवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण आहे, आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट कानात येतो. आषाढीच्या आधी यजमानांची पेटी, मग तबला, मग दोघांचे आवाज असं एकावर एक रेकॉर्ड केलं. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो, 128 सॅम्पलवर ठेवला, म्हणजे एका बाजूला जेमतेम पावणेतीन मिलीसेकंद उशीर. एकदाही तुटलं नाही. मात्र सतार, व्हायोलिन अशा वाद्यांची मोठी सॅम्पल लायब्ररी, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या सुरांचा साठा, कॉम्प्युटरवरच वाजवायची असेल तर 8 जीबी पुरणार नाही, आणि यात रॅम नंतर वाढवता येत नाही. ते घेतानाच ठरवावं लागतं.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. हे यंत्र 10 ते 35 अंशांत वापरावं असं कंपनीच सांगते. मेमध्ये आमची पत्र्याखालची खोली दुपारी 40 च्या वर होती. रेकॉर्डिंगला तेव्हाही काही झालं नाही, पण सहा तासांचं पुस्तक एकदम एमपी3 करायला लावलं तर लॅपटॉपचा तळ हात ठेववेना आणि काम रेंगाळलं. पंखा नसलेलं यंत्र तापलं की स्वतःहून हळू चालतं, दोष आमच्या पत्र्याचा. आता ते काम रात्री अकरानंतर, फरशीवर ठेवून करते.

पोर्ट दोनच, दोन्ही डाव्या बाजूला. सोलोबरोबर आलेली वायर जुन्या चपट्या यूएसबीची, त्यामुळे दोन्ही टोकांना टाइप सी असलेली वेगळी घ्यावी लागली. 256 जीबी जूनपर्यंत भरत आली, मूळ फाइली आता बाहेरच्या एसएसडीवर जातात.

घरात पंख्याचा लॅपटॉप आधीच असेल तर नवा घ्यायची घाई करू नका. लॅपटॉप आणि इंटरफेस शेजारच्या खोलीत ठेवा, माइकची दहा मीटरची एक्सएलआर वायर दाराखालून आणा आणि दार लावून घ्या. मी हे आधी केलं असतं तर पैसे वाचले असते, पण आमच्या शेजारच्या खोलीत सासूबाई झोपतात.

वापरलेला घेणार असाल तर दुकानात दहा मिनिटं मोठा व्हिडिओ चालू ठेवा, मग कीबोर्डला कान लावा. आणि सेटिंग्जमध्ये बॅटरीची तब्येत बघा. माझी घेताना 88 टक्के होती, आज 85 आहे.