गुलाबी झुडपी गुलाब लावायचाय? कोल्हापूरच्या पावसात गावठी, गर्ट्रूड जेकिल की बोनिका

घरासमोर थोडी मोकळी जागा आहे, काळ्या दगडाची कंपाऊंडची भिंत आहे आणि तिथे गुलाबी फुलांनी लगडलेलं एखादं मोठं झुडूप हवंय. ताराबाई पार्क, रुईकर कॉलनी, नागाळा पार्क इथल्या जुन्या बंगल्यांतून हौशी लोक हमखास विचारतात की यातला कुठला लावू. नर्सरीत गेलं की दांड्यावर एकच टपोरं फूल देणारी हायब्रिड टी जातीची झाडं समोर येतात. फुलदाणीसाठी ती चांगली, पण बागेत दांडा आणि काटेच जास्त दिसतात. झुडपी गुलाब बुंध्यापासून भरलेला असतो, फांद्या कमानीसारख्या वाकतात आणि फूल नसलं तरी झाड बघवतं. इंग्लंडच्या खेड्यातल्या घरांपुढे भाजी, औषधी झाडं आणि फुलं एकमेकांत मिसळून लावतात, तशा बागेचा हा मुख्य गडी. आपल्या परड्यातही अळू, गवती चहा, तुळस, जास्वंद असंच गुण्यागोविंदाने नांदत असतं, त्यामुळे ही पद्धत आपल्याला परकी नाही.

इथे तिघांची तुलना केली आहे. पहिला आपला गावठी गुलाबी, ज्याच्यासारख्याला कर्नाटक-तमिळनाडूकडे एडवर्ड रोझ म्हणतात. दुसरा डेव्हिड ऑस्टिन यांनी 1986 मध्ये आणलेला इंग्लिश गुलाब ‘गर्ट्रूड जेकिल’. तिसरा फ्रान्सच्या मेयाँ घराण्याचा ‘बोनिका’. तो 1980 च्या दशकात बाजारात आला आणि 2003 साली जागतिक गुलाब महासंघाच्या मानाच्या यादीत गेला.

फोटो बघून ठरवायचं तर गर्ट्रूड जेकिल एका झटक्यात जिंकते. पण कोल्हापुरात गुलाब जूनच्या पहिल्या आठवड्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत कसा राहतो, त्यावर निवड करावी असं माझं ठाम मत आहे. शहरात वर्षाला साधारण 1000 मिलिमीटर पाऊस पडतो. शिरोळ-जयसिंगपूरकडे त्याच्या निम्माच, आणि गगनबावड्याकडे कितीतरी पट. म्हणजे एकाच जिल्ह्यात उत्तर बदलतं.

पावसात काय होतं ते जवळून बघा. जेकिलची कळी लहान, पण आत पाकळ्या गच्च भरलेल्या. संततधार लागली की बाहेरच्या दोन-तीन पाकळ्या भिजून एकमेकींना चिकटतात, मध्येच तासभर ऊन पडतं आणि तो थर कागदासारखा वाळून घट्ट बसतो. आतलं फूल उमलायला बघतं, पण वाट मिळत नाही. बोटांनी कळी हलकेच दाबली तर मऊ लागते आणि तपकिरी पाणी येतं. झाडावर पंचवीस कळ्या असूनही धड फूल एक नाही, असं जुलै-ऑगस्टमध्ये होतं ते यामुळे. गावठीच्या पाकळ्या पातळ आणि सैल. कळी सकाळी उमलते, भिजते, दुपारपर्यंत पाकळ्या गळून मोकळी होते. फूल टिकत नाही, पण सडतही नाही. बोनिकाची फुलं अडीच इंचांची, घोसात येणारी. पावसात घोसातली काही खराब होतात, काही उमलतात, आणि लांबून झुडूप गुलाबीच दिसतं.

दुसरी गोष्ट करप्याची. पानावर कडेने फाटल्यासारखे काळे ठिपके येतात, भोवती पान पिवळं पडतं आणि खालून वर झड सुरू होते. ही बुरशी रुजायला पान सलग सात-आठ तास ओलं राहावं लागतं. आपल्याकडे पावसाळ्यात पान वाळतच नाही, म्हणून तिघांनाही करपा येतो. ‘रोगप्रतिकारक’ असं लेबल बघून भुलू नका. फरक पडतो तो झाड पुढे काय करतं यात. बोनिका पानं झडली तरी सप्टेंबरात नवी चकचकीत पालवी काढते. गावठी थोडी उघडी पडते, पण तिला मुळातच दणकट जीव असतो. जेकिलची पानं मोठी. औषधफवारणी चुकली की गणपतीपर्यंत नुसत्या काड्या उरतात. घरात नियमित फवारायला कोणी नसेल तर हा मुद्दा फुलापेक्षा मोठा समजा.

मातीबद्दल तिघांचं मागणं एकच आहे, म्हणून थोडक्यात सांगते. काळ्या मातीत थेट खड्डा खणून गुलाब लावू नका. पावसाळ्यात त्या खड्ड्याचा हौद होतो आणि मुळं कुजतात. फूटभर उंच वाफा करा. त्यात काळी माती, मुरूम आणि चांगलं कुजलेलं शेणखत घाला. साखर कारखान्याचं मळीचं खत आपल्याकडे सहज मिळतं, गुलाबाला मानवतं, फक्त ते पूर्ण थंड झालेलं असू द्या. वाफ येणारं ताजं घातलं तर मुळं भाजतात. वर उसाच्या पाचटाचं तीन इंच आच्छादन, बुंध्यापासून चार बोटं दूर. पावसाचे थेंब मातीवर आपटून करप्याची बुरशी पानांवर उडते, तेही यामुळे कमी होतं. आर. के. नगरसारख्या मुरमाड भागात निचऱ्याची चिंता नाही, तिथे खतच जास्त लागतं. नदीकाठच्या सखल भागात, जिथे 2019 आणि 2021 ला पुराचं पाणी थांबलं होतं, तिथे जमिनीत लावण्यापेक्षा मोठी कुंडी बरी. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या काळ्या मातीत ती नेहमीची आहे.

वासाच्या बाबतीत बोनिका जेकिल आणि गावठी या दोघींच्या जवळपासही येत नाही. नाक फुलात खुपसलं तरी जेमतेम. ज्याला गुलाब म्हणजे वासच, त्याने तिचा विचार सोडून द्यावा. जेकिलचा वास जुन्या गुलाबांचा, दाट, थंडीच्या सकाळी फाटकापर्यंत येणारा. तिच्या पूर्वजांत पोर्टलंड प्रकारचा जुना गुलाब आहे, वास तिकडून आला. गावठीचा वास मात्र आपल्या ओळखीचा, गुलकंदाचा. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर, ज्याला तेव्हा बूर्बोन म्हणत, चिनी गुलाब आणि दमास्क गुलाब यांचा आपोआप संकर झाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो जगापुढे आला. एडवर्ड त्याच घराण्यातला. वर्षभर थोडं थोडं फुलणं चिन्याकडून, वास दमास्ककडून. अर्थात आपल्याकडे ‘गावठी’ म्हणून दिलं जाणारं प्रत्येक झाड तेच असेल असं नाही, म्हणून फांदी मागण्याआधी फुलाचा वास घ्या.

गुलकंद करायचा असेल तर निर्णय इथेच संपतो. गावठीच घ्या, आणि त्या झाडाला आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं कीटकनाशक कधीही घालू नका. माव्यासाठी निंबोळी अर्क पुरतो. देवपूजेलाही तीच. दसऱ्यानंतर पाऊस हटला की छाटणी केली तर दीड महिन्याच्या आसपास बहर येतो आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारांना महाद्वार रोडवरून फुलं आणावी लागत नाहीत.

छाटणीबद्दल एक सांगायलाच हवं, कारण माळी लोक सवयीने सगळ्या गुलाबांना गुडघ्याएवढं कापतात. झुडपी गुलाबाला तसं करू नका. मेलेल्या, आत घुसणाऱ्या फांद्या काढा आणि उरलेल्याच्या उंचीतला एक तृतीयांश भाग कमी करा. बोनिकाला एवढं केलं की तीन-चार फूट उंच आणि त्याहून थोडं रुंद, गोलसर झुडूप आपणहून तयार होतं. तिला आकार द्यावा लागत नाही. दिसण्याच्या बाबतीत तिची ही सगळ्यात मोठी बाजू.

जेकिल आणि गावठी दोघीही आपल्या हवेत उंच, लांब फांद्या टाकतात आणि फुलं फक्त शेंड्याला देतात. याला एक जुना उपाय आहे. पावसाळ्यानंतर लांब कोवळी फांदी हळूहळू वाकवून जमिनीपासून दीड फुटावर आडवी आणा आणि बांबूच्या कामटीला सुतळीने बांधा. शेंडा वर असेपर्यंत तो खालच्या डोळ्यांना, म्हणजे नवा फुटवा येतो त्या जागांना, दाबून ठेवतो. तो आडवा झाला की फांदीवरचा जवळजवळ प्रत्येक डोळा फुटतो आणि हातभर फांदीवर ओळीने फुलं येतात. एकदम वाकवली तर मोडते. दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं खाली ओढायचं. गावठीची अशी चार फांद्यांची छत्री केली की तिच्यापुढे विकतचं झाड फिकं पडतं.

पाठीमागे काय आहे तेही बघा. काळ्या दगडाच्या भिंतीपुढे तिन्ही गुलाबी खुलतात, त्यातही बोनिकाचा फिका गुलाबी जास्त. जांभ्याच्या तांबड्या भिंतीपुढे मात्र निळसर झाक असलेला गुलाबी मळकट दिसतो. तिथे मधे कढीपत्ता किंवा पांढऱ्या फुलांचं काहीतरी उभं करा. झेंडूचा केशरी या गुलाबीशेजारी मला सोसत नाही, तो बागेच्या दुसऱ्या टोकाला असू दे. इंग्लिश बागेच्या फोटोत गुलाबापायी लॅव्हेंडर असतं, ते आपल्या पावसात कुजतं. त्याऐवजी निळा साल्व्हिया लावा. ऑक्टोबरात लार्कस्पर आणि पांढरं ॲलिसम पेरलं तर डिसेंबर-जानेवारीत गुलाबाच्या बहराला जोड मिळते. पांढरी शेवंतीही छान. पावसाळ्यात बुंध्याशी तेरडा दाटू देऊ नका, दिसायला गोड पण हवा कोंडते आणि करपा वाढतो. गुलबक्षी एकदा शिरली की कंद काढता काढता दमाल.

घरात सजवायला जेकिल सरस. अर्धवट उमललेली, सकाळी लवकर कापून लगेच पाण्यात ठेवलेली फुलं दोन-तीन दिवस राहतात. बोनिकाचा घोस दोन फुलं उमलली की अख्खा कापायचा, बाकीच्या कळ्या पाण्यात उमलतात. गावठीचा दांडा मऊ, मान टाकतो. ती पितळेच्या घंगाळात पाण्यावर सोडायची.

मग घ्यायचं काय? शहरात, जमिनीत, एकच झाड आणि देखभालीला वेळ बेताचा असेल तर दर्शनी जागी बोनिका. मागच्या दारी, वास-पूजा-गुलकंदासाठी गावठी. जागा दोन झाडांची असेल तर मी या दोघीच लावेन, चार फुटांचं अंतर ठेवून. जेकिल जयसिंगपूर-शिरोळच्या कमी पावसात जमिनीत चालेल. शहरात हवीच असेल तर सोळा इंचांच्या कुंडीत लावा आणि जूनमध्ये पन्हळीच्या आत, पण उजेडात सरकवा. ऑस्टिनचाच गुलाब जमिनीत लावायचा हट्ट असेल तर 1983 चा ‘मेरी रोझ’ बघा, त्याच्या पाकळ्या सैल आहेत. राधानगरी, गगनबावड्याकडच्यांनी फक्त गावठी, तीही पूर्वेच्या उन्हात, जिथे पानं सकाळीच वाळतील.

गावठीला पैसे लागत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर फांदी कोणाकडून मागा, तीन डोळे मातीत, दोन वर, आणि सावलीत ठेवा. स्वतःच्या मुळावरचं झाड असल्यामुळे खालून येणारा प्रत्येक फुटवा कामाचा. बोनिका सगळीकडे मिळत नाही, गुलाबाच्याच नर्सरीत नाव घेऊन विचारावी लागते. ती आणि जेकिल बहुतेक डोळा भरलेली, म्हणजे रानगुलाबाच्या खुंटावर कलम केलेली मिळतात. घेताना डोळा भरल्याची गाठ शोधा, ती नीट जुळलेली आणि मातीच्या वर असावी. गाठीखालून निघणारा फुटवा रानगुलाबाचा असतो. तो कापायचा नाही, माती उकरून मुळाशी ओढून काढायचा, नाहीतर दोन वर्षांत बोनिका जाऊन खुंटच फुललेला दिसेल. खरेदी जूनच्या पहिल्या पावसात करू नका, तेव्हा नर्सरीत सगळीच झाडं हिरवी दिसतात. डिसेंबरात जा, फूल प्रत्यक्ष बघा, खालच्या पानांची मागची बाजू तपासा आणि मगच उचला.