तारिफाहून फेरीने टँजियरला जाताय? बंदराबाहेरच्या ‘गाईड’पासून सांभाळा

स्पेनच्या मुख्य भूमीच्या अगदी दक्षिण टोकाला तारिफा हे गाव आहे. तिथून फेरीने साधारण तासाभरात मोरोक्कोतल्या टँजियरला पोचता येतं. सकाळी जायचं, जुनं शहर बघायचं, संध्याकाळी परत. सेव्हिल-ग्रानाडा बघायला गेलेल्या कुणालाही हा मोह होतोच. जरूर जा, शहर सुंदर आहे. पण जाण्याआधी हे वाचा.

आम्ही डिसेंबरात गेलो. मी, नवरा आणि सासूबाई. ओढ होती इब्न बतूताची. 1304 साली टँजियरला जन्मलेला हा मुसाफिर पार आपल्या दौलताबादपर्यंत येऊन गेला आणि तिथल्या मराठ्यांबद्दलही त्यानं लिहून ठेवलं. जुन्या शहरात, म्हणजे मदीनात, त्याची म्हणून एक छोटी कबर दाखवतात. सासूबाईंना ती बघायचीच होती.

बंदराच्या फाटकाबाहेर आलो तर पन्नाशीचा, स्वच्छ कोट घातलेला एक गृहस्थ हसत पुढे आला. गळ्यात ओळखपत्र. “इंडिया? शाहरुख खान! अमिताभ!” मोरोक्कोत हिंदी सिनेमाचं वेड खरोखरच आहे, त्यामुळे यात खटकण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणाला, मी फेरी कंपनीतच कामाला आहे, तुम्हाला बोटीवर पाहिलं, आता ड्युटी संपली, घरी चाललोय, वाटेवरच आहे तर दाखवतो. पैसे नकोत. पायऱ्या आल्या तसा त्यानं “मम्मी, स्लोली” म्हणत सासूबाईंचा हात धरला. त्यांचे गुडघे दुखतात हे त्यानं चार पावलांत हेरलं होतं.

मग त्यानं मुख्य गोष्ट काढली. “लेव्हान्ते वाढतोय. संध्याकाळच्या बोटी रद्द होणार. दुपारचीच शेवटची. कबर आज बंद आहे. माझ्याबरोबर चला, दोन तासांत सगळं दाखवून बंदरावर सोडतो.”

यातली लबाडी नीट समजून घ्या. लेव्हान्ते म्हणजे जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून येणारा पूर्वेचा जोरदार वारा. त्याच्यामुळे तारिफाच्या बोटी खरंच रद्द होतात, हिवाळ्यात हे चालायचंच. त्यामुळे अशी थाप चटकन पटते. एका दिवसासाठी आलेल्या माणसाचा जीव परतीच्या बोटीत अडकलेला असतो. तिकीट दुसऱ्या काठाचं, सामान दुसऱ्या काठावरच्या हॉटेलात, सोबत वयस्क माणूस. हे बंदरावरच्या ठगाला पक्कं ठाऊक असतं.

त्यानं आम्हाला शहर दाखवलंच नाही. गल्ल्यांमागून गल्ल्या, आणि थेट गालिच्यांच्या दुकानाचा वरचा मजला. पुदिन्याचा चहा आला, दोन पोरं एकामागून एक गालिचे उलगडू लागली, आणि जिन्यात कुणीतरी उभं राहिलं. गालिचा घेत नाही म्हटल्यावर केशर निघालं. “मोरोक्कन सॅफ्रन, मम्मीसाठी खास भाव.” दहा ग्रॅमची डबी, चाळीस युरो. सुटका व्हावी म्हणून नवऱ्यानं ती घेतली.

खरा प्रकार पुढे झाला. एका बोळात, जिथून पुढे कुठे वळायचं ते कळेना, तो थांबला आणि शंभर युरो मागितले. दुसरा एक जण मागे येऊन उभा राहिला. आवाज चढला. “पैसे द्या, नाहीतर शोधा रस्ता. बोट चुकेल.” सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांचे हात थरथरत होते. सत्तर वर्षांच्या बाईला असं घाबरवून पैसे उकळणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात आजही संताप आहे. शेवटी साठ युरो घेऊन त्यानं बोटानं रस्ता दाखवला. दोन वळणांवर बंदर होतं!

फेरीच्या काउंटरवर विचारलं. संध्याकाळची बोट वेळेवर होती. एकही फेरी रद्द झालेली नव्हती.

परतताना सासूबाईंनी डबी उघडली. त्यांचं माहेर सोलापूरकडचं, करडईच्या शेतातलं. चिमूटभर तळहातावर घेऊन त्यांनी वास घेतला, बोटानं चोळलं. “अगं, ही तर करडईची फुलं आहेत.” खऱ्या केशराची काडी गडद लाल असते आणि एका टोकाला तुतारीसारखी फुलते. पाण्यात तिचा रंग हळूहळू उतरतो आणि काडी तशीच लाल राहते. आमच्या डबीत नुसत्या पिवळट-नारिंगी पाकळ्या होत्या.

जाणाऱ्यांनी इतकं नक्की करा. बोटींची खबर फक्त फेरी कंपनीच्या काउंटरवर किंवा तिच्या संकेतस्थळावर घ्या, रस्त्यावरच्या कुणाकडूनही नको. अधिकृत गाईडकडे पर्यटन मंत्रालयाचं फोटो असलेलं कार्ड असतं. ते हातात घेऊन वाचा, नुसतं गळ्यात लटकतंय यावर जाऊ नका. पैसे, वेळ आणि ‘दुकानात नेणार नाही’ हे तिन्ही आधीच ठरवा. परवान्याशिवाय गाईडगिरी करणं मोरोक्कोत गुन्हा आहे, त्यामुळे पोलिसांचं नाव मोठ्यानं काढलं की हे लोक सहसा पांगतात. बोळात अडकलात तर घाबरू नका. मदीना टेकडीवर आहे आणि बंदर तिच्या पायथ्याशी, म्हणून उतार धरून चालत राहायचं. सोबत कुणाचे गुडघे दुखत असतील तर पिवळा पट्टा असलेली निळी छोटी टॅक्सी घ्या आणि मीटर टाकायला लावा. डिसेंबरात सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो, तेव्हा अंधारापूर्वी बंदराकडे निघालेलं बरं.

आणि भारतीय पासपोर्ट असेल तर आणखी एक. मोरोक्कोचा व्हिसा वेगळा लागतो. शिवाय तुमचा शेंगेन व्हिसा (स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा सामाईक व्हिसा) एकदाच प्रवेशाचा असेल तर टँजियरला उतरल्यावर त्यावर स्पेनमध्ये परत येता येत नाही. सहल विकणारा हे आपणहून सांगेलच असं नाही, म्हणून तिकीट काढण्याआधी व्हिसावर ‘MULT’, म्हणजे अनेकदा प्रवेश, असं लिहिलंय का ते बघा.