मुंबईला उतरा, पुण्याला पोहोचा: एका सेपरेट गाडीचा हिशेब

मुंबई विमानतळावरून पुण्याला यायला गाडी बुक करताना लोक आधी भाव विचारतात. मी आधी विचारते, डिकीत सीएनजीची टाकी आहे का? समोरचा जरा थांबतो आणि मग म्हणतो, "मॅडम, बॅगा किती आहेत?" इथून पुढे बोलणं मुद्द्यावर येतं.

गेल्या जूनमध्ये आम्ही चौघं न्यू जर्सीहून, नणंदेकडून, परत आलो. मी, दोन मुलं आणि सासूबाई. नवरा आठवडाभर आधीच निघून आला होता, त्यामुळे सगळा लवाजमा माझ्या गळ्यात. अमेरिकेच्या तिकिटावर माणशी तेवीस किलोच्या दोन बॅगा, म्हणजे आठ मोठ्या बॅगा. वर चार केबिन बॅगा, आणि आईंची ती कापडी पिशवी, जिच्यात काय आहे हे कस्टम्सलाही कळू नये अशी त्यांची इच्छा असते. एवढं सामान डिझायरमध्ये मावत नाही हे कुणीही सांगेल. पण अर्टिगाही बहुतेक वेळा सीएनजीवरची असते आणि मागची अर्धी जागा टाकीनं खाल्लेली असते, हे बुकिंग घेणारा आपणहून सांगत नाही. रात्री दोन वाजता पार्किंगमध्ये उभं राहून कुठली बॅग मांडीवर घ्यायची हे ठरवण्याची हौस मला नव्हती. म्हणून इनोव्हा क्रिस्टा, डिझेलची, वर कॅरियर आणि ताडपत्री, असं सगळं आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलं. जून होता, ताडपत्रीचं तर दोनदा लिहून घेतलं.

पुण्याच्या माणसाला हा उपद्व्याप का करावा लागतो, ते बाहेरच्यांसाठी थोडक्यात. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून परदेशी जाणारी विमानं दुबई, बँकॉक अशी मोजकीच. फ्रँकफर्टचं थेट विमान एकेकाळी होतं, लुफ्थान्साचं, तेही बंद पडलं. त्यामुळे युरोप-अमेरिकेहून येणारा पुणेकर मुंबईत सहारच्या टर्मिनल दोनवर उतरतो आणि मग खरा प्रवास सुरू होतो: दीडशे किलोमीटर, एक घाट, आणि वेळ साधारणपणे अशी की रस्त्यात कुणी जागं नसतं. या एका गरजेवर पुण्यात कितीतरी ट्रॅव्हल्सवाल्यांचा धंदा उभा आहे. शेअरिंगच्या गाड्या घरपोच सोडतात, पण आधी वाकड, मग औंध, मग बाणेर असं करत कोथरूडला आपण शेवटी. एकट्या माणसाला, एका बॅगेला, ते उत्तम. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला चोवीस तासांच्या प्रवासानंतर दुसऱ्याच्या सोसायटीच्या गेटवर ताटकळत ठेवणं मला जमणार नव्हतं. अ‍ॅपवरच्या आंतरशहर गाड्यांचा पर्यायही आहे. पण तिथे ड्रायव्हर ट्रिप घेतो, फोन करून "कुठं जायचंय, कॅश का ऑनलाइन?" विचारतो आणि उत्तर आवडलं नाही की ट्रिप सोडून देतो. दुपारी ठीक आहे, रात्री नाही.

ज्यांच्याकडे बुक केलं ती पुण्यातलीच एक कंपनी. नाव देत नाही, कारण पुढे दोन गोष्टी तक्रारीच्या आहेत, आणि ही पद्धत त्यांच्या एकट्यांची नाही.

भाव साडेपाच हजार, सेपरेट गाडी, म्हणजे गाडीत फक्त आपणच. फोनवर "ऑल इन्क्लुझिव्ह" असा शब्द आला. या शब्दावर माझा विश्वास नाही, म्हणून फोड मागितली. एक्सप्रेसवेचा टोल धरलाय का? धरलाय. (कारला पूर्ण मार्गाचे 320 रुपये, एप्रिल 2023 पासून.) विमानतळाचं पार्किंग? ते वेगळं, पावती दाखवून. नाइट चार्ज? धरलाय. वेटिंग? विमान टेकल्यापासून दीड तास फुकट, नंतर तासाला दीडशे. हा "टेकल्यापासून" शब्द महत्त्वाचा आहे. काही जण बुकिंगच्या वेळेपासून मोजतात, आणि मग विमान उशिरा आलं की तुम्ही आकाशात असतानाच वेटिंग सुरू होतं. उतरण्याची वेळ सांगू नका, फ्लाइट नंबर द्या. यांनी तो आपणहून मागितला, ही त्यांची पहिली चांगली गोष्ट.

अटल सेतूवरून नेऊ का, असंही विचारलं, अडीचशे रुपये जादा. तो पूल सुंदर आहे, पण सुरू होतो शिवडीला. दक्षिण मुंबईतून निघणाऱ्याला त्याचा उपयोग. सहारहून रात्री अडीच वाजता सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता मोकळा असताना आधी शिवडीपर्यंत खाली का जायचं? नको म्हटलं. त्यांनी आग्रह केला नाही.

विमान रात्री एकच्या पुढे उतरलं. फोन चालू केला तर ड्रायव्हरचं नाव, नंबर, गाडीचा नंबर आणि गाडीचा फोटो येऊन पडलेला. फोटोत पिवळी पाटी दिसत होती, ते मी मुद्दाम बघते. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्यानं लावणारे महाभाग अजून आहेत, आणि वाटेत काही झालं तर भाड्याच्या प्रवाशांचा विमा हा तुमचा प्रश्न होऊन बसतो.

आईंना व्हीलचेअर घेतली होती. ज्यांनी अजून घेतली नाही त्यांनी घ्यावी. लाज कसली? विमानतळाचे ते चकचकीत गालिचे संपता संपत नाहीत, आणि इमिग्रेशनला रांगही वेगळी मिळते. तरी आठ बॅगा पट्ट्यावरून येईपर्यंत तास गेला. ड्रायव्हरनं मधे एकदाही फोन केला नाही. हे मला फार आवडलं. दर दहा मिनिटांनी "आलात का, आलात का" करणारे ड्रायव्हर माणसाला ट्रॉली ढकलताना पळायला लावतात. मीच फोन केला तर शांतपणे म्हणाले, "ताई, घाई नको. बॅगा मोजून घ्या. बाहेर आलात की उजवीकडं बघा, पाटी घेऊन उभा आहे."

उजवीकडे खरंच उभे होते. पाटीवर आडनाव मराठीत, आणि बरोबर. हे वेल्ह्याकडचे दादा, पन्नाशीचे. त्यांनी आईंना आधी गाडीत बसवलं, मग सामानाला हात लावला. पाच बॅगा आत, तीन वर, ताडपत्री, दोरी, आणि दोरीला शेवटची गाठ मारून वर एक थाप. व्हीलचेअर ढकलणाऱ्या मुलाला काय द्यायचं ते मी पाकीट उघडून विचार करत होते, तेवढ्यात धाकट्यानं त्याला नणंदेनं दिलेल्या चॉकलेटचा अख्खा डबा देऊन टाकला. असो.

इथवर पाचपैकी पाच. आता पुढचं.

गाडी वाशीच्या खाडीपुलावर आली तेव्हा मी सहज विचारलं, "दादा, पुण्याहून कधी निघालात?" म्हणाले, पाच वाजता. संध्याकाळच्या. एक कुटुंब ड्रॉपला होतं, साडेअकराच्या विमानाचं. त्यांना सोडलं, मग बाहेर गाडी लावून थोडं पडलो. आणि सकाळी? सकाळी पिंपरीत एक लोकल भाडं होतं.

यात या धंद्याचं सगळं गणित आहे. पुण्याहून गाडी रिकामी आणून तुम्हाला घेऊन जायचं तर तीनशे किलोमीटरचं डिझेल एका भाड्यात बसवावं लागतं, आणि मग भाव साडेपाच राहणार नाही. म्हणून प्रत्येक पिकअपला एक ड्रॉप जोडतात. संध्याकाळी जाणारे आणि पहाटे येणारे यांची जोडी लागली की गाडी दोन्हीकडे भरलेली. तुमचं विमान तीन तास लांबलं की जोडी तुटते, आणि मग ऐनवेळी "तुमच्यासाठी दुसरी गाडी लावलीय" असा निरोप येतो. ती कुणा तिसऱ्याच मालकाची असते. हिशेब चोख आहे, माझी त्याला हरकत नाही. हरकत अशी की या हिशेबात गाडीला विश्रांती नको हे बरोबर धरलंय, आणि माणसालाही तेच माप लावलंय. पहाटे साडेतीनला, पावसात, बोरघाटात जो माणूस आपल्याला वर नेणार तो आदल्या सकाळपासून स्टिअरिंगवर आहे, हे बुकिंगच्या त्या लांबलचक मेसेजमध्ये कुठेच नसतं.

मी खालापूरच्या फूडमॉलला गाडी थांबवायला सांगितली. दादा म्हणाले, "माझ्यासाठी नको थांबायला." मी म्हटलं, मुलाला जायचंय. मुलगा गाढ झोपला होता. वीस मिनिटं थांबलो. त्यांनी तोंडावर पाणी मारलं, दोन चहा घेतले, गाडीभोवती एक चक्कर मारून दोऱ्या तपासल्या. आईंनी वडापाव मागितला. चोवीस तासांच्या विमानाच्या जेवणानंतर तो त्यांना अमृतासारखा लागला. मला तो गार आणि महाग वाटला, पण त्यावर आमच्या घरात मतदान होत नाही.

घाट मात्र दादांनी फार नीट काढला. धुकं होतं, डाव्या लेनमध्ये कंटेनर रांगेनं चढत होते, आणि एकदाही त्यांच्या मधे घुसून पुढे काढायचा हव्यास नाही. 2024 पासून एक्सप्रेसवेवर कॅमेरे लागलेत, वेग वाढला की चलन थेट गाडीच्या नावावर. दादांच्या म्हणण्याप्रमाणे ते पैसे मालक ड्रायव्हरच्या हिशेबातून कापतो, म्हणून आता सगळेच सरळ आलेत. आईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, अमृतांजन पूल गेला का? तो 2020 च्या एप्रिलमध्येच पाडला, लॉकडाऊनमध्ये रस्ता रिकामा होता तेव्हा. दर वेळी सांगते, दर वेळी त्यांना वाईट वाटतं. दादा म्हणाले, "आजी, आम्हाला पण चुकल्यासारखं होतं."

कोथरूडला पोहोचायला पावणेसहा झाले. बॅगा लिफ्टपर्यंत आणून दिल्या, न सांगता. ताडपत्रीखालच्या तिन्ही बॅगा कोरड्या. मी वर पाचशे दिले, आणि घरी जाऊन झोपा असं सांगितलं. ते हसले. आठ वाजता हिंजवडीचं भाडं होतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन केला. ड्रायव्हरबद्दल तक्रार नाही, उलट त्यांचं कौतुकच आहे, हे आधी सांगितलं. मग विचारलं की रात्रीच्या पिकअपला आधीच्या ड्यूटीपासून किती तासांची झोप तुम्ही धरता? उत्तर आलं, "मॅडम, आमचे सगळे ड्रायव्हर अनुभवी आहेत." अनुभवी माणसाला झोप येत नाही, हे मला नवीनच कळलं. फोनवरची मुलगी बिचारी चांगली होती, तिच्याकडे या प्रश्नाचा रकानाच नव्हता. तेव्हापासून ओळखीत कुणालाही गाडी सांगताना मी हा प्रश्न बुकिंगच्या वेळीच विचारायला लावते: ड्रायव्हर ड्रॉप करून येणार आहे का, आणि असेल तर मधे किती वेळ? जास्तीचे पाचसातशे घेऊन थेट पुण्याहून ताजा ड्रायव्हर पाठवायला काही जण तयार होतात. आमच्या शेजारच्या काकांनी ऑगस्टमध्ये तसं करून घेतलं. रात्रीचा घाट असेल तर मी तेवढे डोळे झाकून देईन. दिवसाच्या विमानाला नाही देणार.

नवी मुंबईचं विमानतळ आता 25 डिसेंबर 2025 पासून सुरू झालंय, सुरुवात देशांतर्गत विमानांनी. अमेरिकेची विमानं तिथे उतरू लागली तर आमचा पनवेलपर्यंतचा मुंबईतला तुकडा वाचेल. घाट तसाच राहील, आणि ड्रायव्हरची झोपही.

तर गुण: गाडी, सामान, उभं राहण्याची जागा, वागणं, यांना पैकीच्या पैकी. भाव रास्त. वेळापत्रक लावणाऱ्याला मात्र दोनच तारे, तेही फ्लाइट नंबर मागितला म्हणून.

राहिलं बिल. ते चार दिवसांनी, तेही मागितल्यावर, व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. पार्किंगची पावती जोडलेली, बेरीज बरोबर, आणि खाली "ऑल इन्क्लुझिव्ह"ची फोड, त्यात एक ओळ: वाशी टोल, 45 रुपये. मुंबईच्या वेशीवरचे पाचही टोल छोट्या गाड्यांना ऑक्टोबर 2024 मध्येच माफ झालेत. मी बातमी पाठवली. पाच मिनिटांत सॉरीचा मेसेज आला आणि 45 रुपये जीपेवर परत आले. मग मी त्यांचं रेटकार्ड उघडून बघितलं. ओळ तिथे अजून आहे.