ग्वाल्हेरहून ओरछा-सातार एक दिवसाची ट्रिप: गाडीला पूर्ण मार्क, गाईड काठावर पास

जानेवारीत केली, लिहायला उशीर झाला. ट्रॅव्हल्सवाल्याचं नाव लिहीत नाही, तो आमच्या ह्यांच्या ओळखीतला आहे आणि बाड्यावर रोज समोर येतो. पॅकेज असं की सकाळी लश्करातनं (ग्वाल्हेरातला आमचा भाग) घरून उचलणार, दतिया, ओरछा, सातार दाखवून रात्री घरी सोडणार, इर्टिगा, ड्रायव्हर, गाईड सगळं धरून ६,५०० रुपये, जेवण आपलं. आम्ही चौघं, मी, हे, दहावीतला लेक आणि माझे बाबा, वय ७९. ओरछा आमचं दहा वेळा झालंय, खरं जायचं होतं ते सातारलाच, बाबांसाठी. (आपलं सातारा नाही हो, सातार, झाशी-ओरछाकडची छोटी नदी आहे, तिच्या काठी चंद्रशेखर आझाद लपून राहिले होते. पुण्याच्या मावशीला फोनवर तीनदा सांगावं लागलं.)

गाडी एक नंबर. साडेसहाला दारात हजर, धुकं असं की समोरचं फाटक दिसेना, पण ड्रायव्हर भैया एकदम शांत, ना ओव्हरटेक ना कानठळ्या बसवणारी गाणी, बाबांसाठी दोनदा तर न सांगताच थांबला. गाईड आधीच पुढे बसलेला, हातात यादी, आणि यादीत बाबांचं आडनाव कुलकर्णी. आम्ही कुलकर्णी नाही! बुकिंग करताना चौघांच्या आधारचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घेतले होते, तरी हे. मी सांगायला तोंड उघडलं तर बाबा म्हणाले राहू दे गं, एक दिवस कुलकर्णी.

दतियाला पीतांबरा पीठाच्या रांगेत सव्वा तास गेला, तो जाणारच, त्यात कोणाचा दोष नाही. दोष पुढचा. ओरछाला रामराजाच्या देवळाचे दरवाजे दुपारी बंद होतात म्हणून सातार वाटेवर असूनही गाईडने गाडी थांबवू दिली नाही, "लौटते में करेंगे". रामराजा, जहांगीर महाल, छत्र्या (तिथल्या राजांच्या समाध्या) त्याने बऱ्या दाखवल्या, पाठच होतं त्याचं. जेवण ठीकठाक, पनीरच्या भाजीत पनीर शोधावं लागलं. सातारला पोचलो तेव्हा पाच वाजून गेलेले, थंडीत उजेड राहतो किती, आणि हा म्हणतो पंधरा मिनिटं.

तिथे मारुतीचं देऊळ, कुटी, आझादांचा पुतळा, नदी. एवढंच. खूप काही बघायला मिळेल असं समजून जाऊ नका. गाईडचं भाषण असं, की काकोरीनंतर चंद्रशेखर आझाद भेस बदलून इथे राहिले, पोलिसांना कळलं नाही, चलिए फोटो ले लीजिए. बस.

आता बाबा ग्वाल्हेरच्या एमएलबी कॉलेजचे, म्हणजे जुनं व्हिक्टोरिया, जिथे आझादांचे साथी भगवानदास माहौर शिकायला होते. ते तिथल्या ओट्यावर जे बसले ते उठेचनात. गाईडला विचारलं, सदाशिवराव मलकापूरकर कोण माहितीये? विश्वनाथ वैशंपायन? तो बोलला "कुलकर्णी साब, आप ही बता दो" आणि चहा प्यायला गेला. खरंच गेला!

मग बाबांनीच सांगितलं. ९ ऑगस्ट १९२५ ला काकोरीला गाडी थांबवून सरकारी खजिना लुटला, त्यानंतर धरपकड सुरू झाली, १९२७ च्या डिसेंबरात बिस्मिल (त्यांचं मूळ गाव बरबाई, आपल्या मुरैन्यातलं), अशफाकउल्ला, रोशनसिंह आणि लाहिरी फाशी गेले, आझाद तेवढे हाती लागले नाहीत. ते झाशीकडे आले आणि इथे ढिमरपुऱ्यात, हल्ली गावाला आझादपुरा म्हणतात, हरिशंकर ब्रह्मचारी होऊन राहिले, पोरांना शिकवायचे. लेकाने विचारलं, पण आजोबा, एवढ्याशा गावात कोणी चौकशी नाही केली? आपल्या गल्लीत भाडेकरू आला की आजी चार दिवसांत त्याचं गाव, जात, पगार, सासर सगळं काढते. मला वाटलं बाबा आता चिडणार, पण खूश झाले. म्हणाले, ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात ना, तेच त्याने हेरलं. शहरात लपायचं तर गर्दी लागते, खेड्यात गर्दी नाही, तिथे नव्या माणसाला काहीतरी जागा लागते, आणि मारुतीच्या देवळापाशी राहणाऱ्या साधूची जागा आधीच असते, तो कुठला कोण हे विचारलं तर विचारणाऱ्याचीच लाज निघते. दुसरं, झाशी इंग्रजांची आणि ओरछा संस्थान, म्हणजे चार कोसांवर पोलीस वेगळे, राज्य वेगळं. हे गाईडने सांगायला नको?

शिपायांची गोष्ट पण झाली, की दोघांनी वाटेत अडवून तू आझाद का विचारलं तर आझाद म्हणाले साधू आझादच असतो, मला मारुतीला शेंदराचा चोळा चढवायचाय, तुमच्या ठाणेदारापेक्षा हनुमानजी मोठे. बाबांनी ती दोनदा सांगितली, दोन्ही वेळा वेगळी, चालायचंच.

आणि मलकापूरकर, वैशंपायन, ही झाशीतली आपली मराठी पोरं. आझाद झाशीत मोटर गॅरेजात काम करून गाडी चालवायला शिकले, ते याच मंडळींमध्ये. मलकापूरकर आणि माहौर १९२९ मध्ये भुसावळ स्टेशनवर पकडले गेले, पुढे जळगावच्या कोर्टात माहौरांनी माफीच्या साक्षीदारांवर गोळ्या झाडल्या. आझाद २७ फेब्रुवारी १९३१ ला अलाहाबादला हुतात्मा झाले. त्यांच्या आईचं शेवटी सगळं सदाशिवरावांनी केलं, १९५१ मध्ये झाशीत त्या गेल्या तेव्हा अग्नीही त्यांनीच दिला. इथे बाबा थांबले. अंधार पडला होता, ड्रायव्हर भैया मागे येऊन कधी उभा राहिला कळलंच नाही.

तर ज्यांना जायचंय त्यांनी सातार ओरछाला जाताना करा, येताना नाही, बुकिंगच्या वेळीच ठणकावून सांगा, किंवा गाईड घेऊच नका, १,००० रुपये कमी होतात (हे आम्हाला नंतर कळलं). गरम कपडे आणि पाणी घरून न्या. परत येताना धुक्यात ड्रायव्हरने अशी सांभाळून आणली की सव्वादहा वाजले पण जीव वर नाही आला. घरी उतरल्यावर टोलचे पैसे वेगळे मागितले, "सगळं धरून" मध्ये टोल नसतो म्हणे, त्यावर ह्यांनी दहा मिनिटं हुज्जत घातली आणि मग दिले.

गाडी पाचपैकी पाच, गाईड दोन, ते पण जहांगीर महालासाठी.

दुसऱ्या दिवशी फीडबॅकसाठी फोन आला, कुलकर्णीजी से बात हो जाएगी क्या. मी राँग नंबर म्हणणार तेवढ्यात बाबांनी फोन हातातनं घेतला. "हां, बोल रहा हूं."