वंशावळीच्या नावाखाली आमचे 2,625 डॉलर गेले, तुमचे जाऊ नयेत

आमच्या घरातून एका वंशावळ संशोधकाकडे 450, 1,250, 685 आणि 240 अशा चार हप्त्यांत एकूण 2,625 डॉलर गेले. त्याच्या बदल्यात चामडी बांधणीचे एक देखणे पुस्तक हाती आले, आणि त्या पुस्तकात माझ्या सासऱ्यांचा मूळ पुरुष म्हणून ज्याचे नाव छापले आहे, तो मुलगा वयाच्या तिसऱ्या वर्षीच वारला होता. हे लिहिताना मला लाज वाटते. तरीही लिहिते, कारण अमेरिकेत लग्न झालेल्या आपल्या कितीतरी मुलामुलींच्या सासरी जर्मन वंशाची माणसे आहेत, त्या घरांत पूर्वज शोधण्याची ओढ मोठी आहे, आणि ज्याने आम्हाला फसवले तो आजही नवी कामे घेतो आहे.

माझ्या नवऱ्याचे पूर्वज अठराव्या शतकात जर्मनीतल्या राइन नदीच्या काठच्या पॅलाटिनेट प्रदेशातून पेनसिल्व्हेनियात आले आणि टुल्पहॉकनच्या खोऱ्यात शेती करू लागले. आमचे खरे आडनाव मी इथे देत नाही, म्युलर समजा, कारण गुंता म्युलर मंडळींच्या घरी असतो तसाच आमच्याकडे आहे. त्या काळच्या पुष्कळ जर्मन घरांत प्रत्येक मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी ‘योहान’ हे नाव आधी लावायचे आणि हाक मात्र दुसऱ्या नावाने मारायची अशी रीत होती, त्यामुळे योहान याकोब, योहान पेटर आणि योहान गेओर्ग हे तिघे सख्खे भाऊ असू शकतात. त्यातून आजोबांचे आणि धर्मपित्याचे, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणाऱ्याचे, नाव मुलाला देण्याची पद्धत, आणि एक मूल गेले की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवण्याची पद्धत. आपल्याकडेही आजोबांचे नाव नातवाला ठेवतात आणि विष्णू गणेशच्या पोटी गणेश विष्णू येतो, पण आपल्याकडे निदान मधले नाव बापाचे असल्यामुळे धागा हाती राहतो. तिथे तो राहत नाही. इंग्रज कारकुनांनी सगळ्या म्युलरांना ‘मिलर’ आणि सगळ्या याकोबांना ‘जेकब’ केले, आणि एकाच गावाच्या कर-यादीत तीन जेकब मिलर येऊन बसले. त्यातील आमचा कोणता, हा सासऱ्यांचा चाळीस वर्षांचा प्रश्न होता आणि त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला त्याचे उत्तर भेट द्यावे असे आम्ही दोघांनी ठरवले.

वाचनालयातल्या एका परिचिताने वंशावळी शोधून देणाऱ्या या माणसाचे नाव सुचवले. भेटीत तो अतिशय शांत आणि जाणकार वाटला. फिलाडेल्फियाच्या बंदरात 1727 पासून परदेशी पुरुषांना राजनिष्ठेची शपथ घेऊन सही करावी लागे, सोळा वर्षांवरील पुरुषांचीच नावे त्या याद्यांत येत, बायका-मुले बहुधा सुटत, अनेक जहाजांसाठी कप्तानाची एक आणि शपथांच्या दोन अशा तीन याद्या मिळतात, आणि 1934 साली त्या तीन खंडांत छापल्या गेल्या, हे सगळे त्याने आम्हाला समजावून सांगितले. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. पहिले 450 डॉलर घेऊन त्याने आठ दिवसांत तीनही जेकबांचा एक तक्ता करून दिला, तोही बऱ्यापैकी खरा होता. आधी थोडे खरे द्यायचे आणि मग दोर सैल सोडायचा, ही फसवणाऱ्यांची चाल असते, हे फसवणुकीच्या बातम्या वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक होते. पण बँकेचा बनावट फोन आणि जुन्या चर्चच्या वह्या यांचा एकमेकांशी काही संबंध असू शकतो, असे त्या वेळी मनात आले नाही.

दुसरा हप्ता 1,250 डॉलरचा होता, ‘जर्मनीतील सहकाऱ्याचा प्रवास आणि दप्तरखान्याचे शुल्क’ म्हणून. इथे पहिली गोष्ट लिहून ठेवा: तिकडच्या प्रोटेस्टंट चर्चच्या असंख्य वह्यांची छायाचित्रे ‘आर्किऑन’ या संकेतस्थळावर वर्गणी भरून घरबसल्या पाहता येतात, आणि फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर कितीतरी दप्तर फुकट आहे. कोणी प्रवासाचे पैसे मागितले तर ती वही खरोखरच फक्त तिथे जाऊनच पाहता येते का, हे आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आता तो क्षण, ज्याच्यापाशी मी रोज परत जाते. गुरुवारची रात्र होती, दुसऱ्या दिवशीचे डबे भरून ठेवत होते, आणि त्याचा ईमेल आला: ‘सापडला.’ सोबत नोंदवहीच्या पानाचा फोटो होता. पिवळट कागद, तपकिरी झालेली शाई, 1716 सालची बाप्तिस्म्याची नोंद, योहान याकोब. मी हात पुसून फोनवर दोन बोटांनी फोटो मोठा केला. ती कुर्रेंट, म्हणजे जुन्या जर्मन हस्ताक्षराची लिपी आहे, तिच्यातला ‘ए’ आपल्याला ‘एन’ वाटतो, आणि मोडी न शिकलेल्या माणसाला मोडीचा कागद दिसावा तशी ती मला दिसत होती. पण समासात, त्या नावाच्या अगदी डाव्या बाजूला, एक लहानसा क्रूस काढलेला होता आणि त्याखाली बारीक अक्षरांत काहीतरी लिहिले होते. शेजारच्या दोन नोंदींपुढे तसा क्रूस नव्हता. मी ते पाहिले, मी त्याला विचारले. दहा मिनिटांच्या आत उत्तर आले, ‘बाप्तिस्मा पूर्ण झाल्याची पाद्रीबुवांची खूण.’ आणि मी मान डोलावून डब्यांकडे वळले.

शेजारच्या नोंदींपुढे क्रूस नव्हता, म्हणजे त्या मुलांचा बाप्तिस्मा पूर्ण झाला नव्हता का, एवढा एकच प्रश्न मी विचारायला हवा होता. बाप्तिस्म्याच्या वहीत नावापुढे मागाहून काढलेला क्रूस म्हणजे ते मूल गेले, हे जुन्या जर्मन चर्चच्या वह्या वाचणाऱ्या कोणालाही सांगता येते. त्याला ते माहीत नव्हते असे मी कधीच मानणार नाही, कारण छापील पुस्तकाच्या चौदाव्या पानावर हाच फोटो आहे आणि त्याचा डावा समास कापून टाकलेला आहे.

माझ्या बाजूने एवढेच म्हणते की चर्चच्या वहीत क्रूस दिसणे हिंदू घरात वाढलेल्या बाईला खटकत नाही. नवरा पेनसिल्व्हेनियात वाढला, त्यालाही ते खटकले नाही. दिवसभर नोकरी करून, दोन मुलांचे पाहून, रात्री अकरा वाजता अनोळखी लिपीतला कागद ज्या माणसाला पैसे देऊन वाचायला दिला आहे, त्याच्या वाचनावर विश्वास ठेवणे हा मूर्खपणा आहे असे मला कोणी सांगू नये. अनेक जण सांगतात.

तिसऱ्या हप्त्यात, 685 डॉलर घेऊन, त्याने ‘1747 सालच्या मृत्युपत्राचे वाचन’ दिले, ज्याच्या माथ्यावर ‘बर्क्स काउंटी’ असे टंकलिखित होते. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग, आणि बर्क्स काउंटी 1752 साली झाली. त्याआधी टुल्पहॉकन लँकेस्टर काउंटीत होते, आणि 1747 चे मृत्युपत्र असलेच तर ते लँकेस्टरच्या दप्तरात सापडेल. मी मूळची कुडाळची आहे. 1850 सालचा म्हणून कोणी कागद आणला असता आणि त्यावर ‘सिंधुदुर्ग जिल्हा’ असे असते, तर 1981 साली रत्नागिरीतून वेगळा झालेला जिल्हा त्या कागदावर कसा, असे मी तिथल्या तिथे विचारले असते. परक्या मुलुखात तीच नजर चालली नाही. म्हणून सांगते, ज्या परिसरातले पूर्वज आहेत त्या परिसराच्या काउंट्या कोणत्या साली आणि कोणातून फुटल्या, याची यादी आधी स्वतः तयार करा, मग पैसे द्या. मूळ कागदाचा फोटो दिल्याशिवाय नुसते ‘वाचन’ कधीही स्वीकारू नका. तसे मृत्युपत्र लँकेस्टरलाही नाही, हे आम्हाला नंतर कळले.

आणखी एक गोष्ट तर त्याच्याच पहिल्या तक्त्यात होती. त्याने आमचा पूर्वज म्हणून दाखवलेल्या, 1738 साली उतरलेल्या याकोबने शपथेच्या यादीत सही केलेली नाही, त्याच्यासाठी कारकुनाने नाव लिहिले आहे आणि त्याने मध्ये खूण केली आहे. आमच्या याकोबची 1761 सालच्या जमिनीच्या कागदावरची सही मात्र सफाईदार जर्मन वळणाची आहे. ‘मधल्या काळात लिहायला शिकला असेल’ असे उत्तर आम्हाला मिळाले. शिकलाही असेल, पण ज्या कोड्यात एकाच नावाची तीन माणसे आहेत त्यात सही आणि खूण हाच सर्वांत मोलाचा पुरावा असतो, त्यानंतर बायकोचे नाव, मुलांचे धर्मपिते, जमिनीचे शेजारी आणि धंदा. नुसते नाव जुळले हा पुरावा नाही. त्या काळच्या कागदांत ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ असे दिसले तरी ते बापलेक असतील असे धरू नका, गावातला मोठा आणि धाकटा एवढाच अर्थ पुष्कळदा असतो, काका-पुतणे असतात, कधी काहीच नाते नसते.

चौथे 240 डॉलर बांधणीचे आणि ‘प्रमाणित’ अशा सोनेरी शिक्क्याचे. वाढदिवसाला नऊ प्रती वाटल्या गेल्या.

सत्य बाहेर आले ते दोन महिन्यांनी. नवऱ्याच्या एका जर्मन सहकाऱ्याची आई इथे आली होती, तिला कुर्रेंट वाचता येते. तिने आर्किऑनवर तेच पान उघडले, पूर्ण, समासासकट, आणि क्रूसाखालची अक्षरे वाचून ती गप्प झाली. मग तिने त्याच वहीतला दफनविधींचा भाग काढला. योहान याकोब, वय तीन वर्षे दोन महिने, 1719. त्या दांपत्याने पुढे दुसऱ्या मुलाला ते नाव ठेवल्याची नोंदही पुढच्या पानांत नाही. हे शोधायला तिला पाऊण तास लागला. बाप्तिस्मा सापडला की दफनाच्या नोंदी पाहिल्याशिवाय थांबायचे नाही, हे तिने मला त्या वेळी सांगितले. 1,250 डॉलर घेणाऱ्याने सांगितले नव्हते.

पुढचे सांगताना राग आवरत नाही. आमच्या गावच्या पोलिसांनी पाच मिनिटांत हा दिवाणी वाद आहे असे ठरवले. ‘तुम्हाला पुस्तक मिळाले ना?’ असे त्या अधिकाऱ्याने मला विचारले, आणि खोट्या पुस्तकाला वस्तू म्हणत नाहीत हे मी सांगू लागले तेव्हा त्याने पुढच्या माणसाला हाक मारली. तो माणूस राहतो त्या राज्यातल्या पोलिसांनी सांगितले की तक्रार तुमच्या गावी द्या. आमच्या गावाने सांगितले की त्याच्या गावी द्या. क्रेडिट कार्डाने भरलेल्या पहिल्या 450 डॉलरबाबत कंपनीने साठ दिवसांची मुदत दाखवली, जी फसवणूक कळण्याआधीच संपली होती, कारण अशा कामाला महिने लागतात हे त्याने आम्हाला आधीच समजावून ठेवले होते. बाकीचे तीन हप्ते खात्यातून थेट पाठवले होते. बँक म्हणाली, तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवले, आम्ही काय करणार? ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी विभागाला मी ते कापलेल्या समासाचे पान आणि पूर्ण पान शेजारी शेजारी ठेवून पाठवले, बाणाने क्रूस दाखवला, दफनाच्या नोंदीचे भाषांतर जोडले. अकरा आठवड्यांनी एक छापील पत्र आले: समोरच्या पक्षाला कळवले, उत्तर आले नाही, प्रकरण बंद. उत्तर आले नाही म्हणून प्रकरण बंद! ज्याने उत्तर द्यायचे नाही त्याला एवढे सोपे असेल तर तक्रारीचा नमुना छापता तरी कशाला? एकाही कचेरीने ती दोन पाने शेजारी ठेवून पाहिली नाहीत. इथे वंशावळ संशोधकाला परवाना लागत नाही, कोणीही उद्या पाटी लावू शकतो, हे मला त्या धावपळीत कळले. बोर्ड फॉर सर्टिफिकेशन ऑफ जीनिऑलॉजिस्ट्स ही 1964 पासूनची संस्था काम तपासून प्रमाणित केलेल्या संशोधकांची यादी देते, तीत नाव आहे का ते पाहायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे आम्ही दिली नाहीत, हे मला कबूल आहे. पण त्यामुळे त्याचा गुन्हा कमी होत नाही.

पैसे द्यायचेच तर कार्डाने द्या, टप्प्याटप्प्याने द्या, आणि प्रत्येक टप्प्यात पानाचा पूर्ण फोटो, चारही कडा दिसतील असा, मागा. कडा कापलेला फोटो आला की तिथेच थांबा.

सगळ्यांत वाईट हे झाले की नऊ प्रतींपैकी एकीवरून चुलत दिरांनी ती वंशावळ इंटरनेटवर चढवली, आणि तिथून ती त्याच आडनावाच्या इतर घरांनी उचलली. तीन वर्षांच्या त्या मुलाला आता बायको आहे, सात मुले आहेत, शेती आहे. मी प्रत्येकाला पत्र लिहिते, काही जण दुरुस्ती करतात, काही जण ‘पुस्तकात छापले आहे’ असे उत्तर देतात.

सासऱ्यांना आम्ही एप्रिलमध्ये सांगितले. त्या उन्हाळ्यात त्या गावी जाऊन चर्च पाहायचे त्यांनी ठरवले होते. त्यांनी काही न बोलता चौदावे पान उघडले, पूर्ण पानाची प्रत शेजारी ठेवली, आणि पेन्सिलीने त्या नावाच्या डाव्या बाजूला, जिथे समास कापला आहे तिथे, लहानसा क्रूस काढला. सहा प्रती आम्ही परत घेतल्या आहेत. तीन अजून बाहेर आहेत.