पेरोच्या परीकथा, दोरेची चित्रं : डोव्हरची आवृत्ती घ्यावी का?

घ्यावी, पण चित्रांसाठी. फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या १६९७ सालच्या आठही गद्य कथा डोव्हर या अमेरिकन प्रकाशनाच्या या इंग्रजी पेपरबॅकमध्ये आहेत. अनुवाद ए. ई. जॉन्सन यांचा, जरा जुन्या वळणाचा. सोबत फ्रेंच चित्रकार ग्युस्ताव दोरेची पानभर आकाराची ३४ चित्रं. ती मुळात पॅरिसच्या हेत्झेल प्रकाशनाच्या १८६२ च्या थोरल्या आवृत्तीसाठी काढलेली. त्या आवृत्तीतली गाढवाचं कातडं पांघरणाऱ्या राजकन्येची गोष्ट मात्र इथे नाही.

दोरे लाकडी ठोकळ्यावरच शाईच्या फिक्या-गडद छटांनी रंगवायचा. पानमाकेर, पिझां यांच्यासारखे कोरीवकाम करणारे कारागीर तो ठोकळा कोरून त्या छटांच्या रेषा करायचे, आणि त्यावरून चित्र छापलं जायचं. म्हणून बऱ्याच चित्रांखाली दोन सह्या दिसतात, एक दोरेची, एक कोरणाऱ्याची. स्वस्त पुनर्मुद्रणात कडा छाटल्या की आधी याच सह्या जातात.

छपाई तपासायला भिंग घ्या. कोरीवकामात राखाडी रंग नसतोच, काळी रेष आणि पांढरा कागद एवढंच. रेषेऐवजी ठिपके दिसले, तर जुन्या पानाचा फोटो काढून तोच छापलाय. उलट काळं वाढवून छापलं की बारीक पांढऱ्या रेषा बुजतात आणि अंगठ्याएवढ्या पोराच्या गोष्टीतलं जंगल म्हणजे नुसता डाग होतो. मागणी आली की एकेक छापल्या जाणाऱ्या, प्रकाशकाचं नाव नसलेल्या प्रतींत हे दोन्ही दोष सर्रास आढळतात. डोव्हरच्या आवृत्तीत रेष सुटी राहते. निळ्या दाढीवाला बायकोच्या हाती किल्ली देतो ते चित्र काढून बघा: त्याचे वटारलेले डोळे आणि दाढीचा केस न् केस वेगळा दिसला पाहिजे.

लहान मुलांना वाचून दाखवणार असाल तर आधी स्वतः वाचा. पेरोच्या लाल टोपीवालीला वाचवायला कुणी शिकारी येत नाही; लांडगा तिला खातो आणि गोष्ट संपते, वर पद्यात तात्पर्य. निद्रिस्त राजकन्येचं लग्न झाल्यावर तर खरा घोळ सुरू होतो, कारण सासू राक्षसकुळातली. तिला नातवंडं चक्क सॉस घालून खायची असतात. चित्रंही हात राखून काढलेली नाहीत. अंगठ्याएवढ्या पोराच्या गोष्टीतला राक्षस झोपलेल्या स्वतःच्याच मुलींवर सुरी धरून वाकलाय, ते पान सहा वर्षांच्या पोराला रात्री दाखवू नका. सिंड्रेला बिनधोक. ती सावत्र बहिणींना माफ करून त्यांची लग्नंही लावून देते.

रंगीत चित्रं हवी असतील तर तुलूजमध्ये जन्मलेला एडमंड दुलाक किंवा आयरिश हॅरी क्लार्क पाहा. दुलाकच्या १९१० च्या परीकथांच्या पुस्तकाची जुनी प्रत घेताना चित्रं मोजून घ्या. ती वेगळी छापून पानावर चिकटवलेली असतात, त्यामुळे कुणीतरी फ्रेमसाठी काढून घेतलेली असू शकतात.

दोरेची ई-बुक आवृत्ती मात्र टाळा. फोनवर त्या रेषांचा नुसता गिचका होतो. चित्रं फक्त पाहायचीच असतील तर फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गॅलिका’ संकेतस्थळावर ती फुकट आहेत. संगणकावर उघडा आणि मोठी करून बघा.