सातशेचा एसएमपीएस की साडेतीन हजारांचा?

कॉम्प्युटर जुळवून घेताना प्रोसेसर, रॅम, एसएसडी यांच्यावर अर्धा तास घासाघीस होते. या सगळ्यांना वीज पुरवणाऱ्या डब्याची, म्हणजे एसएमपीएसची, पाळी आली की कोटेशनमध्ये 'कॅबिनेट विथ एसएमपीएस' एवढी एकच ओळ उरते. नाशिकमध्ये एम.जी. रोडला किंवा कॅनडा कॉर्नरला सुटा एसएमपीएस मागितला तर साधारण तीन प्रकार पुढ्यात येतात. पहिला सहाशे ते नऊशे रुपयांचा, वर '४५० वॅट' छापलेला साधा. दुसरा तीन ते साडेचार हजारांचा, ब्राँझ प्रमाणपत्राचा (म्हणजे कमी वीज वाया घालवणारा) ४५० किंवा ५५० वॅटचा. तिसरा जुन्या कंपनी-ऑफिसांतून निघालेल्या डेल, एचपी, लेनोव्होच्या मशीनमधला, वापरलेला.

आधी निकाल सांगून टाकतो. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या टॅली-बिलिंगच्या मशीनला साधा चालून जातो, पण अटींवर. ग्राफिक्स कार्ड लावायचं असेल, किंवा पुढेमागे लागेल अशी शंका जरी असेल, तर साध्याचा विचारच नको.

लेबलवरचा एकच आकडा बघा

'४५० वॅट' हा मोठा आकडा सोडून द्या आणि बाजूच्या तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपियर लिहिलेत ते वाचा. साध्यावर बहुतेक वेळा १४ ते १६ सापडतात. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. बाकीचे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत दाखवून बेरीज फुगवलेली असते. ही वाटणी पेंटियम ३ च्या काळातली. तेव्हा प्रोसेसर ५ किंवा ३.३ व्होल्टवरून वीज घ्यायचे. २००० साली पेंटियम ४ आला, त्याच्यासाठी चार पिनांची वेगळी १२ व्होल्टची जोडणी आली, आणि तेव्हापासून सगळा मोठा भार १२ व्होल्टवरच आहे. चांगल्या ५५० वॅटच्या लेबलवर १२ व्होल्टला ४५ अँपियरच्या आसपास असतात, म्हणजे जवळपास अख्खे वॅट तिथेच मिळतात.

आता मागणीकडे बघू. इंटेलचा आय५-१२४०० खोक्यावर ६५ वॅटचा असला तरी टर्बोत, म्हणजे पूर्ण वेगात, ११७ वॅटपर्यंत जातो. आरटीएक्स ३०६० कार्ड १७० वॅटचं. बोर्ड, एसएसडी, पंखे धरून तीनशेच्या घरात गेलात. १६८ वॅटचा डबा तिथे काय करणार? याउलट आय३ आणि आतलेच ग्राफिक्स असलेलं मशीन काम करताना पन्नासेक वॅट खातं आणि फार ताणलं तर शंभराच्या आसपास जातं. तिथे साध्यालाही श्वास घ्यायला जागा राहते.

एक जुगाड मात्र टाळाच. साध्या एसएमपीएसला ग्राफिक्स कार्डाची सहा किंवा आठ पिनांची वायर नसते, म्हणून साटा कनेक्टरवरून (हार्ड डिस्क-एसएसडीला वीज देणाऱ्या) बनवलेला पन्नास-शंभर रुपयांचा कन्व्हर्टर लावून देतात. साटा जोडणीची १२ व्होल्टची मर्यादा ४.५ अँपियर, म्हणजे ५४ वॅट. सहा पिनांची जोडणी ७५ वॅटपर्यंत मागू शकते आणि आठ पिनांची १५०. कनेक्टर आधी पिवळा पडतो, मग वितळतो.

आत काय गाळलेलं असतं

साधा एसएमपीएस उघडला तर सर्किटवर काही जागांची नावं छापलेली दिसतात, पण पार्ट नसतात. वीज आत येते तिथली फिल्टरची कॉइल काढून तिच्या जागी नुसती तार टाकलेली असते. वाढीव व्होल्टेज शोषणारा एमओव्ही बहुधा नसतोच. वायरी २० किंवा २२ गेजच्या असतात, चांगल्यात १८ गेजच्या. गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक. पण आयुष्य ठरतं ते कपॅसिटरवर. तापमान दर १० अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि ८५ अंशांसाठी बनवलेला कपॅसिटर मुळातच १०५ अंशांच्याइतका उष्णतेला टिकत नाही. मे महिन्यात खोलीत ३८-४० अंश असतात, कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त.

सगळ्यात खोडसाळ बिघाड स्टँडबायचा. मशीन बंद असतानाही जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट चालूच असतात, त्यामुळे त्या भागाचे कपॅसिटर चोवीस तास तापतात. जुन्या पद्धतीच्या स्वस्त रचनेत त्यातला एक छोटा कपॅसिटर सुकला की व्होल्टेज पडायच्या ऐवजी चढतं आणि थेट मदरबोर्डवर जातं. रात्री नीट बंद केलेलं मशीन सकाळी उठत नाही, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. चांगल्या एसएमपीएसमध्ये व्होल्टेज चढलं की तोडणारं संरक्षण असतं. साध्यात शॉर्ट सर्किटपुरतं असलं तर असतं.

ब्राँझ म्हणजे मात्र सर्वगुणसंपन्न असा समज नको. ते प्रमाणपत्र फक्त किती वीज वाया जाते ते सांगतं, आणि चाचणीही २३ अंशांच्या आसपास होते. संरक्षणं, वायरी, पंख्याचं बेअरिंग याबद्दल त्यात काहीच नाही. त्या बाबतीत वॉरंटीची वर्षं जास्त बोलकी आहेत: साध्याला एक-दोन, बऱ्याला तीन ते पाच.

नाशिकची वीज, नाशिकचं हवामान

निफाड, दिंडोरी, सिन्नरकडे शेतीपंपांच्या वेळेत व्होल्टेज खाली येतं. ब्राँझमध्येही दोन जाती आहेत, आणि फरक लेबलवर 'इनपुट'समोर दिसतो. १००–२४० व्होल्ट लिहिलेला १७० वरही चालू राहतो. २००–२४० लिहिलेला तेवढ्यावर दगा देऊ शकतो. गावाकडे मशीन जाणार असेल तर १००–२४० वालाच घ्या, दोन-चारशे जास्त पडले तरी.

वीज जाऊन यूपीएस बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात, कधी दहापर्यंत. तेवढा वेळ एसएमपीएसने स्वतःच्या मोठ्या कपॅसिटरवर तग धरायचा असतो. एटीएक्स या पीसीच्या एसएमपीएससाठीच्या मानकानुसार ही क्षमता साधारण १६-१७ मिलिसेकंदांची हवी. साध्यात छोटे कपॅसिटर टाकलेले असल्याने मशीन रीस्टार्ट होतं आणि बिचाऱ्या यूपीएसची बॅटरी उगाच बदलली जाते. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर मागचं बटण 'यूपीएस' मोडवर ठेवा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मात्र ॲक्टिव्ह पीएफसीचा (वीज सुरळीत ओढणाऱ्या सर्किटचा) चांगला एसएमपीएस कधी कधी कुरकुरतो किंवा ट्रिप होतो. या एका बाबतीत साधा कमी नखरेल.

नवीन महागडा एसएमपीएस बसवला आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार नेहमीची. माल सहसा खराब नसतो. चांगल्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रलवरून अर्थिंगकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. जुन्या वाड्यात किंवा भाड्याच्या गाळ्यात सॉकेटची तिसरी पिन कुठेच जोडलेली नसली की कॅबिनेटवर साधारण निम्मं व्होल्टेज तरंगतं. साध्यात ते कपॅसिटरच नसल्याने कळत नाही, एवढंच. वायरमनला बोलावून फेज आणि अर्थिंगमध्ये मीटर लावायला सांगा. २३०च्या आसपास यायला हवं.

सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये हवेत लोखंडाची बारीक पूड असते. पंखा ती आत ओढतो आणि तिच्यातून वीज वाहते. तिथे कोणताही एसएमपीएस महिन्या-दोन महिन्यांनी ब्लोअरने साफ करावाच लागतो. वायर काढूनच.

वापरलेला ब्रँडेड

हा पर्याय लोक उगाच हसण्यावारी नेतात. डेल-एचपीच्या ऑफिस मशीनमधले २४० ते ३०० वॅटचे एसएमपीएस डेल्टा, लाइट-ऑन अशा कंपन्यांनी बनवलेले असतात आणि नव्या साध्यापेक्षा दणकट निघतात. अडचण जोडणीची. बऱ्याच मॉडेल्समध्ये २४ पिनांऐवजी ६, ८ किंवा १४ पिना असतात, आकारही वेगळा. त्यामुळे सुटा आणून जुळवण्यापेक्षा अख्खं रिफर्बिश्ड मशीनच घेणं सोयीचं. टॅलीसाठी तर सातशेचा एसएमपीएस घातलेल्या नव्या मशीनपेक्षा आमची पसंती त्यालाच.

विजेच्या बिलात निघतो का?

दुकानदार म्हणतात तेवढा नाही. आतला भार ६० वॅट, रोज आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस धरा. ७० टक्के कार्यक्षमतेचा साधा ८६ वॅट ओढेल, ८५ टक्क्यांचा ७१. वर्षाला ३६ युनिट वाचले, दहा रुपये युनिट धरलं तर ३६० रुपये. अडीच हजारांचा फरक भरून यायला सात वर्षं. २५० वॅटचं गेमिंग मशीन वर्षभर रोज चार तास चालत असेल तर वर्षाला नऊशेच्या आसपास वाचतात आणि तीन वर्षांत हिशेब जुळतो. ऑफिसच्या मशीनला जास्तीचे पैसे बिलासाठी नाही, बोर्ड आणि हार्ड डिस्क वाचवण्यासाठी द्यायचे. डेटाचा रोज बॅकअप होत असेल आणि बोर्ड जुनाच असेल, तर साध्याची जोखीम परवडते.

घेताना आणि बसवताना

बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि वॉरंटी दुकानाची की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची ते विचारा. हिरवी आणि काळी वायर तारेने जोडून पंखा फिरवून दाखवतात, त्याला भुलू नका. बिनलोडचा पंखा अर्धमेलाही फिरवतो. मशीन चालू करून, प्रोसेसरवर भार टाकून, मोठ्या चार पिनांच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा: पिवळ्यावर ११.४ ते १२.६, लाल वायरवर ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या आत हवं. साध्याच्या मागे लाल सरकता स्विच असेल तर प्लग लावण्याआधी तो २३० वर आहे ना ते बघा. ११५ वर राहिला तर पहिल्याच क्षणी फटाका. आणि सुट्या केबलवाला एसएमपीएस बदलताना जुन्या केबल कॅबिनेटमध्ये तशाच ठेवून नवा जोडू नका. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचीही, वेगळी असते. प्लग बरोबर बसतो आणि हार्ड डिस्कच्या ५ व्होल्टच्या पिनेवर १२ व्होल्ट जातात.